आमचं रॉकेट आणि वाजणारा उपग्रह

रॉकेटचं टोक हाताला हलकं लागलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. आमच्या अमरावतीच्या विज्ञान मंडळाचे किस्से असेच साठत जातात. आधी मी घाबरते, मग बाकीचे वर्षभर हसतात!

*

रॉकेट म्हणजे दहा फुटी मॉडेल. जगातला पहिला उपग्रह नेणारं रॉकेट मुळात क्षेपणास्त्र होतं; बॉम्बच्या जागी वर उपग्रह बसवला. आमच्या मॉडेलचे पाइप मैत्रिणीच्या, मीनलच्या बाबांनी दिले, वरूडच्या संत्र्याच्या बागेला पाणी देणारे. तीन महिने घासून, रंगवून आम्ही ते उभं केलं. तिचे बाबा, म्हणजे आमचे काका, भोवती एक चक्कर मारून म्हणाले, "झ्याक झालं पोरींनो! पन ह्याले मोटर कुठं जोडाची?"

*

उपग्रह माझ्या खात्यात. प्लॅस्टिकच्या बॉलचे दोन अर्धे भाग, वरून चंदेरी कागद, आत माझा जुना मोबाईल. फोन लावला की त्या पहिल्या उपग्रहासारखं बीप, बीप! वलगावच्या शाळेत मुलांना दाखवताना मी ऐटीत नंबर लावला. बीप वाजली आणि मीच किंचाळले. पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "ताई, तुमीच लावला ना फोन?"

*

त्याच वर्गात मी सांगितलं, "बॉम्ब काढला आणि उपग्रह ठेवला."

मागून प्रश्न आला, "मंग काढलेला बॉम्ब कुठं हाय?"

अख्खा वर्ग माझ्या बॅगेकडे बघायला लागला!

*

आणि काल अकोल्यात, जठारपेठेतल्या प्रदर्शनात हे हलकं टोक! उघडलं, तर आत उपग्रहच नाही.

"टेम्पोत धक्का लागन म्हून मी त्याले संत्र्याच्या क्रेटमध्ये ठेवलं व," मीनल म्हणाली. आम्हाला उतरवून काका तर क्रेट विकायला फळवाल्यांकडे गेलेले!

आयोजक सर आले. "वर उपग्रह नाही, म्हणजे हे नुसतं क्षेपणास्त्र. शाळेची मुलं येताहेत. दहा मिनिटांत बसवा, नाहीतर मॉडेल बाहेर!"

तीन महिने डोळ्यांसमोरून गेले. काकांचा फोन बंद. मग मी थेट उपग्रहालाच फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. सातव्यांदा कुणीतरी उचलला!

"हॅलो, कोन हाय? गिऱ्हाईकाले दाखवाले चंदेरी कागदातलं संत्रं सोललं, तं हे आतून वाजून राह्यलं न व माय!"