आईसाठी शिवलेली सरकीची बॉडी

माझ्या आईची डावी छाती इंदूमावशीने शिवली होती.

इंदूमावशी आज सकाळी गेली.

ती सख्खी मावशी नव्हे. बार्शीटाकळीत आमच्या मागच्या आळीत राहायची. बायकांच्या बॉड्या शिवायची. आमच्याकडे ब्राला बॉडीच म्हणतात. घरात मशीन होती, पण आतले कपडे हातानेच. मशीनची शिवण अंगाला टोचते, म्हणायची.

हे काम तिच्या सासूच्या आजेसासूपासूनचं. दीडशे वर्षांमागे तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावचा कापूस विलायतेला जाऊ लागला, घरातलं सूत कातणं संपलं. हाती पैसा आलेल्या घरांतल्या बायकांना शिवलेल्या चोळ्या हव्या होत्या, पण शिंप्याला माप कोण देणार? मग सूत कातणाऱ्या त्या आजीने सुई धरली.

तेव्हापासून त्या घरात टेप नाही. दोऱ्याने माप घ्यायचं, गाठ मारायची आणि कपडा शिवून झाला की दोरा चुलीत.

मावशी म्हणायची, "बाईच्या आंगाचं माप कोनाच्या तोंडी कायले जावं?"

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आईला कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून डावी छाती काढली. डॉक्टरांनी गोळ्या, पथ्य, तपासण्या सगळं नीट समजावलं. बाई घरी जाताना काय घालून जाईल, हे कुणीच बोललं नाही.

आई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसायला लागली. हळदीकुंकू बंद, बाजार बंद. माझा पदवीदान समारंभ अमरावतीला होता. आमच्या घरातली पहिली डिग्री. आई म्हणाली, तू बाबांना घेऊन जा.

मी मावशीकडे जाऊन रडले. ती दोरा घेऊन आमच्या घरी आली, दार लावलं.

पहिली बॉडी तिने पिंजलेला कापूस भरून शिवली. दिसायला छान. आईने दोरीवर कपडे टाकायला हात वर केले आणि डावी बाजू गळ्याकडे सरकली.

आईने ती काढून ठेवली. "राहू द्या मावशी. मले नाई जायचं कुठं."

मावशीने ती हातावर तोलून पाहिली. मग म्हणाली, "कापूसच तो, हलका राहीनच. माह्यी अक्कल त्याहून हलकी."

उठली ती थेट आमच्या गोठ्यात. गाईच्या टोपल्यातली मूठभर सरकी, कापसाचं बी, घेतली. धुतली, उन्हात वाळवली, छोट्या थैलीत भरून कापसाच्या पोटात बसवली. थोडी काढायची, थोडी घालायची, आईला हात वर करायला लावायची. दुपार गेली त्यात.

शेवटी बॉडी जागच्या जागी राहिली.

मावशी आईला म्हणाली, "गाईच्या वाट्याचं पळवलं व सुमन तू. आता दूध कमी आलं तं मले बोलू नको."

आई हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

अमरावतीला आली. एकाच खांद्यावर पदर घेऊन, बाबांच्या शेजारी बसली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी स्टेजवरून आधी तिच्याकडेच पाहिलं.

पुढे मी ऑनलाइन सिलिकॉन भरलेली महागडी बॉडी मागवली. आईने एकदा घातली, छान आहे म्हणाली आणि परत मावशीचीच घातली. दरवर्षी मावशी नवी शिवून द्यायची. नंतर अकोल्याहून, पार मोर्शीहूनही बायका येऊ लागल्या. कोण, कशासाठी, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणून मीही नावं लिहीत नाही.

आज तिला शेवटची अंघोळ घालायला आळीतल्या बाया जमल्या. मी आईला म्हटलं, तू बस, दगदग नको.

आईने ऐकलं नाही. पदर कमरेला खोचला.

"सरका व बायांनो. तिले मी न्हाऊ घालीन."

पाणी उडालं. आईचा ब्लाउज पुढून सगळा भिजला, अंगाला चिकटला. अख्खी आळी समोर होती.

आईने पदर सारखा केला नाही. ती मावशीचे केस धूत राहिली.

मावशी, सुखाने जा. आम्हा सगळ्या बायकांचा तुला नमस्कार.