तुटफूट: निरंक

सरकारी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाला पोरं काचकाका म्हणत. तुटफुटीच्या वहीत या तीस वर्षांत त्यांनी एकच शब्द लिहिला होता: निरंक. फुटलेल्या वस्तूचा दंड फोडणाऱ्याकडून वसूल करावा, असा नियम होता; आणि ज्यांच्याकडून करायचा त्यांच्या चपलांचे तुटके अंगठे काका रोज पाहत. म्हणून फुटलेली काच नाव-तारखेच्या चिठ्ठीत गुंडाळून कपाटामागच्या खोक्यात जाई, आणि तिच्या जागी घरचा पेला येई.

"आपल्या घरात भूत आहे," बायको म्हणे. "फक्त काच खातं."

घात केला तो या निरंकनेच. सरकारने नवं धोरण आणलं: तुटफूट नाही म्हणजे वापर नाही, आणि वापर नाही तिथे अनुदान कशाला? प्रयोगशाळेला कुलूप लावून मुलांना प्रयोगांची चित्रं दाखवावीत, असं पत्र आलं. अक्षर सुरेख होतं.

मुख्याध्यापिका काकांना म्हणाल्या, "परवा तपासणी आहे. दोन-चार भांडी फोडा तरी."

काकांनी चंचुपात्र उचललं, डोळे मिटले आणि सोडलं. दुसऱ्या हाताने झेललं. सवय.

तपासणीच्या दिवशी मग त्यांनी ते खोकंच साहेबांपुढे ठेवलं. चिठ्ठ्या तेवढ्या आदल्या दिवशी बर्नरवर जाळल्या होत्या.

"वहीत तर निरंक आहे," साहेब म्हणाले. "कोणी फोडलं हे सगळं?"

काकांना एकूण एक नाव पाठ होतं. "मीच, साहेब. हात थरथरतात."

"सेवापुस्तकात शेरा बसेल. निवृत्तीला तीन महिने उरलेत तुमच्या."

"बसू द्या," म्हणत काकांनी साहेबांचा कप चहाने काठोकाठ भरला. थेंब सांडला नाही. साहेबांनी कपाकडे पाहिलं, काकांच्या हाताकडे पाहिलं, आणि निमूट लिहायला घेतलं.

अनुदान आलं. शेराही आला: 'परिचर अत्यंत निष्काळजी.'

बायकोने तो दोनदा वाचला. "सरकारला आज कळलं होय? मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"काय?"

"भूत कोण ते. म्हणून तर मी पेले आणताना दोन जास्तच आणायचे."