पेन्सिलचं ऐकायचं राहून गेलं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळेच ताई म्हणायचे. त्यांचा धाकटा भाऊ आमच्यातच ड्राफ्ट्समन होता, आणि त्याची हाक सगळ्यांच्या तोंडी बसली. तो काठीसारखा उंच, किडकिडीत, म्हणून त्याचं नाव पडलं पेन्सिल. एका लांबट खोलीत आम्ही नऊ जण इस्पितळांची, शाळांची ड्रॉइंगं करायचो. खोलीच्या टोकाला, काचेच्या दाराआड, ताई आणि त्यांचा सर्व्हर. आमचं सगळं काम त्या एका यंत्रात राहायचं.

सर्व्हर ताईंनीच उभा केलेला, अकरा वर्षांपूर्वी. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीमही त्यांनीच निवडली होती. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला काही काम नाही. ती त्यांना तोंडपाठ होती. पण आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं आणि तिचं कधी पटलं नाही. एकाने ड्रॉइंग उघडलं की दुसऱ्याला ते नुसतं बघता यावं, बदलता येऊ नये, इतकंच हवं होतं. ते कधी जमायचं, कधी नाही. एकदा पेन्सिल आणि मी नकळत एकाच मजल्यावर दिवसभर काम करत बसलो. संध्याकाळी मी शेवटी सेव्ह केलं आणि त्याने काढलेला अख्खा जिना पुसला गेला.

तो उठून काचेच्या दाराशी गेला.

"ताई, सॉफ्टवेअरवाले जी सिस्टीम वापरा म्हणतात, ती का घेत नाहीस?"

"माझा सर्व्हर चारशे दिवसांत एकदाही बंद पडलेला नाही."

"बंद पडत नाही, खरंय. चालू राहून आमचं काम खातो, त्याचं काय?"

"तुम्ही फाइली नीट बंद करायला शिका. नाचता येईना, अंगण वाकडं."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. तीन वर्षं हे असंच चाललं होतं.

मग एका मंगळवारी दुपारी, शस्त्रक्रियेच्या खोलीचं ड्रॉइंग समोर उघडं असताना, पेन्सिल छाती धरून टेबलावर वाकला. चौतीस वर्षांचा होता. त्याला उचलायच्या गडबडीत टेबल सरकलं, वायर निघाली आणि त्याचा कॉम्प्युटर बंद पडला. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ताई तीन आठवड्यांनी कामावर आल्या. तोवर ते ड्रॉइंग कुणालाच बदलता येत नव्हतं. उघडायला गेलं की पाटी यायची: हे ड्रॉइंग दुसऱ्याने उघडलेलं आहे. आणि खाली पेन्सिलचं नाव. मशीन अचानक बंद पडलं की उघड्या ड्रॉइंगवरचं लॉक तसंच अडकून राहायचं, हे त्या सिस्टीमचं जुनंच दुखणं. ते सोडवणं ताईंना मिनिटाचं काम होतं. मी त्यांना पाटी दाखवली. त्या बघत राहिल्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आज नको."

साहेबांनीही घाई केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ताई पेन्सिलच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी स्वतःच ते सोडवलं.

पुढच्या महिन्यात सर्व्हर बदलायची वेळ आली. सिस्टीम कोणती, ते साहेबांनी ताईंवरच सोपवलं. ताईंनी दोन यंत्रं मांडली. एकावर स्वतःची सिस्टीम, नवी आवृत्ती. दुसऱ्यावर पेन्सिल म्हणायचा ती. दोन्हींवर आम्ही एकेक आठवडा काम केलं, आणि ताई वही घेऊन प्रत्येकाच्या शेजारी बसल्या. मोठं ड्रॉइंग किती वेळात उघडतं, दुसऱ्याला पाटी दिसते का, जोडलेली चित्रं सापडतात का, सगळं लिहून घेतलं. त्यांची सिस्टीम वेगात पुढेच होती. पण मधेच वायर काढली की तिचं लॉक अजूनही अडकायचं. दुसरीचं दोन मिनिटांत आपोआप सुटायचं. ताईंनी माझ्या मशीनची वायर सात वेळा काढून बघितली.

"सुटतंय," सातव्यांदा त्या म्हणाल्या. मग वही मिटून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो हेच सांगत होता. मी एकदाही त्याच्या शेजारी बसून बघितलं नाही."

"ताई, त्याने मनाला लावून घेतलं नव्हतं."

"नसेल घेतलं. मी बसले नाही, ते नाहीच बसले."



दुसरी सिस्टीम ठरली. तिच्यात नोकरीवरच्यांचीच नावं घालायची होती, त्यामुळे पेन्सिलची सहाशे ड्रॉइंगं कुणाच्या तरी नावावर करणं भाग होतं. ताईंनी माझं नाव टाकलं.

"त्याचा जिना बुडवलास ना तू? आता हे सांभाळ."

हे त्या हसून म्हणाल्या, पण डोळे भरलेले होते.

काम संपलं त्या दिवशी, पेन्सिलच्या टेबलातल्या वस्तू पोचवायला मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. एक चष्मा, दोन पट्ट्या, एक स्वेटर. आईंनी स्वेटर मांडीवर घेतला. बहीणभावाचं घरीही यावरूनच वाजायचं, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं.

"तो म्हणायचा तीच घेतलीस का गं?"

"हो, तीच."

"चांगली आहे?"

"ड्रॉइंगच्या कामाला तीच बरोबर आहे."

आई स्वेटरची घडी घालत राहिल्या. "मग तेव्हाच ऐकायचं होतंस त्याचं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

ताई खाली बसल्या आणि पहिल्यांदाच, माझ्यादेखत, हमसून रडल्या. आईंनी त्यांना जवळ ओढलं. मी हळूच चपला घातल्या आणि दार लोटून घेतलं.