दोनशे बाराव्या पानावरचा ड्रायव्हर

आमच्या ग्रेनवाटन गावात त्या वर्षी ज्याचा खून झाला नाही त्याला जरा वाईटच वाटत होते. सिग्रुनची कादंबरी मार्चच्या सुरुवातीला आली, म्हणजे अगदी वेळेवर. ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या लाकडी घरात जायचे, उन्हाच्या भिंतीला पाठ टेकून संत्री सोलायची आणि खुनाची कादंबरी वाचायची, हे आमच्याकडे इतके ठरलेले आहे की त्या दिवसांत दुधाच्या खोक्यावरसुद्धा रहस्यकथा छापून येते. त्यात ही तर आपल्याच गावच्या पोरीने लिहिलेली. शाळेत छळ झालेली एक मुलगी पुढे जनावरांची डॉक्टर होऊन गावी परतते आणि छळणाऱ्यांना एकेक करून संपवते, अशी ती गोष्ट. नावे बदललेली होती, पण गाव सोळाशे माणसांचे. कोण कोण आहे ते ओळखायला कुणाला फारसे डोके चालवावे लागले नाही.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर हाल्दोर दोनशे बाराव्या पानावर मेला होता. ही बातमी त्याला दिली स्टेइनारने. हा गावातल्या दुकानाचा मालक, हसरा, गडगडाटी माणूस.

"अभिनंदन," बटाटे तोलता तोलता स्टेइनार म्हणाला. "मला अठ्ठावन्नाव्या पानावरच तळ्यात बुडवलंय, बर्फाखाली. तू बराच टिकलास की. आणि खून माझ्यापेक्षा झकास आहे तुझा."

"झकास म्हणजे?"

"स्वतःच्या बसमध्ये, स्वतःच्या सीटवर. पट्टा बांधलेला, खिडक्या सताड उघड्या, रेडिओ मोठ्यांदा चालू. आणि तू गोठून लाकूड."

हाल्दोरच्या अंगावर मूठभर मांस चढले. उभ्या जन्मात त्याचे नाव छापून आले होते ते एकदाच, पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल घड्याळ मिळाले तेव्हा, आणि तेव्हाही नाव चुकीचे छापले होते. दुसऱ्या दिवशी बसमधल्या पोरांनी पुस्तक आणून त्याची सही मागितली. त्याने दोनशे बाराव्या पानावर घोटीव अक्षरात सही केली आणि खाली लिहिले, "सध्या जिवंत."

आता हाल्दोर कसा माणूस, हे सांगायला हवे. एक्केचाळीस वर्षे तो तळ्याकाठच्या एकाच रस्त्यावर बस चालवत होता आणि जूनमध्ये निवृत्त होणार होता. इतक्या वर्षांत त्याला उशीर झाला तो फक्त एकदा, रस्त्यात एक थोराड हरीण आडवे उभे राहिले आणि हटायला तयार नव्हते म्हणून. कुणाचे हातमोजे हरवले तर त्याच्या सीटखाली लोकरी मोज्यांची पिशवी असे. ते मोजे त्याची बायको बोर्गहिल्ड विणायची. एखादे पोर थांब्यावर दिसले नाही तर तो दोन मिनिटे थांबायचा, आणि धावत आलेल्याला "आज जेवण करूनच निघालास वाटतं," एवढेच म्हणायचा. त्याच्याबद्दल वाईट बोलणारे माणूस गावात शोधून सापडले नसते.

आणखी एक गोष्ट होती, तिचा त्याला मनातून अभिमान होता. तो कुणाच्या वाटेला जायचा नाही. आमच्या खोऱ्यात याच्याहून मोठा गुण नाही. शेजाऱ्याचे डोळे लाल दिसले तर आपण बर्फाबद्दल बोलतो. कुणाचा नवरा घर सोडून गेला तर दारात केक ठेवून परत फिरतो, घंटी वाजवत नाही. दुःखात असलेल्या माणसाकडे न पाहणे म्हणजे त्याचा मान राखणे, अशी इथली समजूत आहे आणि हाल्दोर त्या समजुतीत मुरलेला होता.

ईस्टरला दोघे डोंगरातल्या घरी गेले. बोर्गहिल्डने कादंबरी आधीच वाचून संपवली होती, पण त्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. त्याने पुस्तक हातात घेतले तेव्हा मात्र ती म्हणाली, "राहू दे रे. कोडी सोडव त्यापेक्षा."

"माझा खून झालाय आणि मीच वाचू नको?"

तो ऊन खात बाकावर बसला आणि थेट दोनशे बारावे पान उघडले. वाचता वाचता त्याचा हात संत्र्यावरच थांबला. स्टेइनारने खून कसा झाला ते सांगितले होते, का झाला ते नव्हते. तिथे लिहिले होते की या ड्रायव्हरने त्या मुलीला कधी बोटही लावले नाही. तो भला माणूस होता. त्याला आरशात सगळे दिसायचे, आणि दिसले की तो रेडिओ मोठा करायचा.

त्यासरशी हाल्दोरला ती सकाळची बस आठवली. सिग्रुनच्या वडिलांचे कोल्हे होते, कातड्यासाठी पाळलेले. त्यांना घालायच्या माशांचा वास तिच्या कोटाला, केसांना, दप्तराला चिकटलेला असायचा. ती चढली की मागच्या रांगेतली चार पोरे ओरडायची, "कोल्हीण आली, हवा येऊ द्या," आणि तिच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या उघडायची. बाहेर उणे वीस. त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज स्टेइनारचा. शाळा येईपर्यंत पोरीच्या भुवयांवर बर्फ धरलेला असे, आणि ती रडत असे. दोन हिवाळे हे चालले होते.

"पण मी तिच्यासाठीच लावायचो गं रेडिओ," तो बोर्गहिल्डला म्हणाला. "ती रडतेय हे त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तिची लाज राहावी म्हणून. तिनं उलटंच समजलं."

"मग तिला सांग तसं. सुट्टी संपली की शनिवारी येतेय ती वाचनालयात."

"कसं सांगू?"

"तोंडानं," बोर्गहिल्ड म्हणाली आणि कॉफी ओतायला आत गेली.

बाकीची सुट्टी हाल्दोरने तिला सांगायच्या त्या एका वाक्यावर घालवली. बर्फावर चालताना, लाकडे फोडताना, दाढी करताना तो ते मनात घोळवत होता. एक्केचाळीस वर्षे पोरांना सांभाळणारा माणूस म्हणून आपण निवृत्त होणार, की रेडिओ मोठा करणारा म्हणून, हे त्या एका बाईच्या हातात आहे असे त्याला वाटू लागले होते. तिला खरे कळले की ती म्हणेल, अरे, माझा गैरसमज झाला. मग तो सुखाने घरी बसू शकणार होता.

शनिवारी वाचनालय खचाखच भरले. कॉफी होती, वाफल्स होते, वर तपकिरी चीज आणि जॅम होता. सिग्रुन बारीक, केस आखूड कापलेली, चाळिशी ओलांडलेली बाई. बोलताना हातातले पेन फिरवत राहायची. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला हात स्टेइनारचा.

"मला इतक्या लवकर का मारलंस? निदान शंभराव्या पानापर्यंत तरी जगू द्यायचं होतंस."

सगळे हसले. सिग्रुनही हसली. मग सह्यांसाठी रांग लागली. स्टेइनारने चार प्रती घेतल्या, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि "काय दिवस होते ना ते," असे म्हणत वाफल्सकडे वळला. त्याच्या मागे हाल्दोर होता.

"हाल्दोर," ती म्हणाली. "अजून चालवतोस बस?"

"जूनपर्यंत." त्याने पुस्तक टेबलावर ठेवले, पण उघडले नाही. "मला एक सांगायचं होतं. रेडिओचं."

तिच्या हातातले पेन थांबले.

"तू रडायचीस ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी तो मोठा करायचो. वाईट हेतू नव्हता गं. उलट तुझी लाज राहावी म्हणूनच."

सिग्रुनने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि हाल्दोरला तेच जड गेले.

"त्यांना ऐकू यायचंच," ती हळू म्हणाली. "ते त्याचीच तर वाट बघत बसायचे, हाल्दोर. मी रडले की त्यांचं काम झालं. रेडिओमुळं ऐकू येईनासं झालं ते एकट्या तुला."

आठवडाभर घोटून ठेवलेले वाक्य तिथेच संपले. रांगेतले लोक छताकडे, बुटांकडे, बाहेरच्या बर्फाकडे बघू लागले होते. आपल्या रिवाजाप्रमाणे कुणी काही ऐकले नव्हते. हाल्दोरला निघून जाता आले असते. कुणी नावे ठेवली नसती.

"मलाही ऐकू यायचं," तो म्हणाला. "रेडिओ लावला तरी. आणि आरशात खिडक्या दिसायच्या. मी भ्यायचो त्या पोरांना. पंधरा वर्षांची पोरं ती, आणि मी एकोणचाळीस वर्षांचा बाप्या. बस माझी होती. मी नुसतं म्हणायला हवं होतं."

"काय म्हणायला हवं होतंस?"

त्याने विचार केला. इतकी वर्षे सकाळ-संध्याकाळ त्याच रस्त्यावर जाऊन हा विचार त्याने कधी केला नव्हता, आणि आता करायला लागल्यावर तो तीन शब्दांतच संपला.

"म्हण ना मग," सिग्रुन म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

हाल्दोर वळला. वाफल्सच्या टेबलापाशी स्टेइनार कुणाला तरी आपला खून रंगवून सांगत होता. हाल्दोरने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

"स्टेइनार, खिडक्या बंद कर."

स्टेइनार हसत वळला. वाचनालयाच्या सगळ्या खिडक्या बंदच होत्या, काचांवर आतून वाफ धरली होती. तो हाल्दोरकडे पाहत राहिला, मग त्याच्या मागे बसलेल्या सिग्रुनकडे, आणि त्याचे हसू उतरत गेले. हातातली बशी त्याने टेबलावर ठेवली. कुठल्या खिडक्या, असे त्याने विचारले नाही.

सिग्रुन रडू लागली. चाळिशीतली, चार भाषांत पुस्तके गेलेली बाई, भर गर्दीत, ओंजळीत तोंड न लपवता. लोकांनी माना वळवल्या, आस्लाउग ग्रंथपाल उगाच कॉफीची किटली उचलून आत गेली. हाल्दोरचीही मान वळायला निघाली होती. मग त्याने शेजारची खुर्ची ओढली, तिच्या समोर बसला आणि तिचे रडणे संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.