गाव, क्षेत्र, पीक, अडचण

“शाल टाकली बे त्यांनी माह्या अंगावर! सात रंगांची! अन् मी हसत उभा होतो फोटोले!”

आमच्या रेडिओ केंद्राचे अध्यक्ष एवढ्या जोरात ओरडत होते, की आवाज घुमू नये म्हणून आम्ही स्टुडिओच्या भिंतीला चिकटवलेल्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांतले चार खाली पडले. मलकापूरच्या स्टेशनात उभ्या मालगाडीच्या ड्रायव्हरने तो हॉर्न समजून गाडी हलवली, असंही मी ऐकलं. म्हणजे मीच ते चौघांना सांगितलं आणि पाचव्याकडून ऐकलं.

झालं होतं ते असं. आमचं रेडिओ केंद्र शेतकऱ्यांचं. सकाळी बाजारभाव, दुपारी फवारणीचा सल्ला, संध्याकाळी भजनं. बुधवारचा तीन ते चार हा तास मेलेला, म्हणून तो मला मिळाला. मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो, पण पुस्तकं वाचतो ही माझी बदनामी तालुकाभर होती. “पुस्तकांवर बोल काई बी,” अध्यक्ष म्हणाले होते. स्वतःच्या केंद्रावर स्वतःचा आवाज सोडून त्यांनी कधी काही ऐकलं असेल, तर मी मिशी काढतो.

तर मी काही बी बोललो. समोर कोणीतरी हवं म्हणून यंत्र सांभाळणारी ताई बसायची. एका कादंबरीत दोन मित्र शंभर पानं एका पांघरुणात झोपतात, आणि मागच्या बाजूला समीक्षकाने लिहिलंय, ‘मैत्रीचं उदात्त चित्रण’. मी हे सांगितल्यावर ताई माईकमध्ये म्हणाली, “थंडी असंल.” तिथून आमची गाडी रुळावर आली. जत्रेत लुगडं नेसून नाचणाऱ्या माणसावर शिट्ट्या मारायच्या आणि सकाळी त्याला खोली भाड्याने द्यायची नाही, यावर एक बुधवार गेला. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं आता गुन्हा नाही, पण लग्नाचं विचारलं की न्यायालय म्हणतं संसदेत जा, आणि संसदेचा उमेदवार आपल्या गल्लीत येऊन फक्त नालीचं बोलतो, यावर तीन. तीन वर्षं हे चाललं. अध्यक्षांना पत्ता नाही.

पुण्याच्या मंडळींना मात्र मोबाईलवर पत्ता लागला. त्यांनी केंद्राचा सत्कार ठेवला, आणि सत्कार म्हटल्यावर अध्यक्ष कशासाठी हे न विचारता पहाटेच निघाले. सत्कार कशाचा हे विचारणं म्हणजे हाती आलेल्या नारळावर संशय घेणं, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. तिथे, त्यांचा ड्रायव्हर सांगतो, त्यांनी वीस मिनिटं गुलाबी बोंडअळीवर भाषण ठोकलं: ती आतून कशी पोखरते, बाहेरून बोंड कसं ठणठणीत दिसतं. खादीचे झब्बे घातलेली ती सभा उभी राहून टाळ्या वाजवत होती. एका बाईंनी डोळे पुसले. त्यांना ते रूपक वाटलं! आणि आमची बोली ऐकून लोक एकमेकांच्या कानात “किती अस्सल” म्हणत होते, जसं काही हा माणूस नसून गावठी तूप आहे. परतीच्या वाटेवर अध्यक्षांनी मानपत्र वाचलं.

“समलैंगिक!” ते आता ओरडले. “माह्या रेडिओवर! आपल्या जिल्ह्यात हाय का बे असं कोणी? पुण्या-मुंबईचं खूळ हे. ऐकून कोण राह्यलं?”

ताई यंत्रावरून मान न उचलता म्हणाली, “भाऊसाहेब, तीन वाजले. तुम्ही लाइव्ह हाय.”

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. यांना चेव आला. माझ्यासमोरचा माईक ओढून त्यांनी घोषणा केली: “शेतकरी बंधूंनो, या जिल्ह्यातून एक, फक्त एक माणूस फोन करून म्हणंल का हा कार्यक्रम माह्यासाठी हाय, तं हा तास मी जल्मभर चालवतो. हा माहा शब्द. नाईतं आजपासून बंद!”

आमच्याकडे फोन करण्याची एक रीत आहे. सल्ला विचारणाऱ्याने आधी चार गोष्टी सांगायच्या: गाव, क्षेत्र, पीक, अडचण. याच क्रमाने. क्रम चुकला तर ताई फोन कापते, मग तो आमदाराचा का असेना. ही रीत अध्यक्षांनीच घातलेली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. रेडिओवर दोन मिनिटांची शांतता म्हणजे काय हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. माझ्या दाढीचे केस त्या वेळात पांढरे झाले. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून सुपारी कातरायला लागले.

इथे मला माझ्याबद्दल बोललं पाहिजे. तीन वर्षं मी त्या माईकपुढे गर्जत होतो, ‘असे लोक’, ‘त्यांचे हक्क’, ‘त्यांची पुस्तकं’. ‘मी’ हा शब्द एकदाही काढला नाही. एकोणीस वर्षं मी एका माणसासोबत राहतो. त्याचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे, आणि जगाला तो माझा आतेभाऊ आहे. “रेडिओवर काई बी बोल,” त्याने पहिल्याच बुधवारी बजावलं होतं, “पण आपलं नाई. मले दुकान चालवाचं हाय.” मी ते ऐकलं, आणि ऐकायला मला बरंही वाटलं, कारण भित्र्याला दुसऱ्याच्या भीतीची फार चांगली सोबत होते. आता अध्यक्ष एकच माणूस मागत होते, आणि तो माणूस त्यांच्यापासून दीड हातावर बसला होता. ताई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, बायकांना असतं. मी पंख्याकडे पाहिलं.

चौथ्या मिनिटाला फोन वाजला.

“हं, गाव?” अध्यक्षांनी सवयीने विचारलं.

“मलकापूर.”

आवाज माझ्या घरातला होता.

“क्षेत्र?”

“दहा बाय बाराची खोली.”

“पीक?”

“नाई.”

“मंग अडचण काय हाय?”

“अडचण काई नाई. तुमच्या बुधवारच्या माणसासोबत एकोणीस वर्षं झाले, राहून राह्यलो. आतेभाऊ म्हून सांगतो. आतेभाऊ नाई मी. कार्यक्रम माह्यासाठी हाय.” आणि फोन ठेवला.

अध्यक्षांची सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुरुस्तीला दिलेल्या पंपातून साप निघावा. ते काही बोलणार तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्या तासात चाळीस फोन आले, असं मी लोकांना सांगतो. ताईच्या वहीत सहा आहेत. एक सुलतानपूरचा: अडीच एकर, सोयाबीन, अडचण अशी की घरचे पोरगी पाहून राह्यले. अध्यक्षांनी त्याला पानं पिवळी पडली का म्हणून विचारलं. त्यांना दुसरं काही सुचेना. एक बाई अमडापूरहून: क्षेत्र नवऱ्याच्या नावावर, पीक कपाशी, अडचण फोनवर सांगण्यासारखी नाही, पण पुढच्या बुधवारी पुन्हा ऐकणार.

चार वाजता अध्यक्ष उठले. शब्द साऱ्या तालुक्यासमोर दिलेला, आणि याच तालुक्याचा कापूस त्यांच्या जिनिंग मिलवर येतो. त्यांनी पुढारी म्हणून आयुष्यात हजार शब्द फिरवले असतील, पण ते बंद खोलीत. “चालू द्या,” ते दाराकडे तोंड करून म्हणाले, आणि जाताना अंड्याच्या पुठ्ठ्यावर पाय देऊन गेले.

अंधार पडेपर्यंत मी स्टुडिओतच दडून राहिलो, मग सायकल अशी हाणली की हायवेवरच्या ट्रकांनी मला वाट दिली. वाटेत भाषण तयार केलं. त्यात धैर्य होतं, इतिहास होता, माझी क्षमायाचना होती. पुण्याने दोन शाली दिल्या असत्या असं भाषण. घरी आलो तर तो जमिनीवर बसून दोराचं वेटोळं करत होता. दुकान त्याने रोजच्या वेळी बंद केलं होतं, एक मिनिट आधी नाही. समोर चहा होता, त्यावर साय आलेली. माझं भाषण उंबऱ्यातच सांडलं.

“काऊन केला बे फोन?” एवढंच तोंडातून निघालं.

त्याने दोराला गाठ मारली, ओढून पाहिली.

“दुसरं कोणी करून नव्हतं राह्यलं,” तो म्हणाला.