ढोलेला कोणी विचारलं नाही

रेगिस्तानातली माझी पहिली पोस्टिंग ऐन मे महिन्यात झाली. मी तेव्हा ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये नायक होतो. रिपोर्ट केल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाच्या फॉल-इनला, एका नर्सिंग असिस्टंटने आम्हा नव्या लोकांना एका रांगेत उभं केलं. काळा, किडकिडीत, आवाज मात्र तोफेसारखा. म्हणाला, इथे गोळीपेक्षा ऊन जास्त माणसं घेतं, त्यामुळे इथे कोणी एकटा राहणार नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. जोडीदाराने दर अर्ध्या तासाला तीन प्रश्न विचारायचे. नाव काय? सकाळी काय खाल्लं? तुझा जोडीदार कोण?

उत्तर चुकलं किंवा समोरचा चिडला, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. सावलीत आडवा करायचा, शर्ट काढायचा आणि पाणी ओतायचं. ऊन डोक्यात गेलेला माणूस आधी चिडतो, मग बरळतो, मग पडतो. तुम्हा सिव्हिलियन लोकांना हा पोरखेळ वाटेल. आम्हालाही पहिले चार दिवस वाटला. पाचव्या दिवशी एका धडधाकट जवानाने जोडीदाराला आईवरून शिवी दिली आणि दहा मिनिटांत तो जमिनीवर होता. जोडीदार शेजारी होता म्हणून वाचला.

तो नर्सिंग असिस्टंट म्हणजे शालिक ढोले, काटोलचा. मी नागपूरचा आहे कळल्यावर त्याने हिंदी सोडली. "बाप्पा! आपल्या इकडचे हाय काय? मंग तुमचा जोडीदार मीच." पुढे पोस्टिंग बदलल्या, मी सुभेदार झालो, तो हवालदार होऊन निघाला, पण जोडी राहिली.

निवृत्तीनंतर मी नागपूरच्या नंदनवन भागात घर केलं. तीन वर्षांपूर्वी एका ट्रस्टने उन्हाळ्यासाठी तातडीचं मदत केंद्र काढलं. वस्तीजवळचं एक सभागृह, सहा कूलर, बर्फाच्या लाद्या, ओआरएस, ओल्या चादरी आणि एक सतरा सीटची गाडी. ज्यांच्या डोक्यावर नुसता टिनपत्रा आहे त्यांना दुपारभर तिथे आणून बसवायचं, कोणी पडला तर दवाखान्यात पोचवायचं. चालवायला माणसं पाहिजे होती. मी ढोलेला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो काटोलच्या पहिल्या बसने हजर.

केंद्रावर त्याने तीच जुनी ड्रिल लावली. कॉलेजच्या पोरी, रिटायर्ड मास्तर, सगळ्यांच्या जोड्या पाडल्या. ऊन लागू नये म्हणून कोणी खिशात कांदा घेऊन आलं की म्हणायचा, "कांदा राहू दे लेका, पाणी पे. कांदा भाजीत टाक." चिडका तर इतका की चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचा. दिवसातून दहा वेळा माझ्यावर खेकसायचा. लोक मला विचारत, साहेब, तुम्ही सुभेदार, तो हवालदार, ऐकून कसं घेता? मी हसायचो. त्याच्या शिव्या नसल्या तर मला दिवस अळणी वाटायचा.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या नवतपातली. नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, तेव्हा नागपुरात कुत्रंसुद्धा दुपारी रस्ता ओलांडत नाही. सकाळी दहा चाळीसला केंद्रावर फोन आला. कोराडी रोडच्या आत एका बांधकामावर मजुरांच्या टिनाच्या खोल्या आहेत. आदल्या दुपारपासून वीज नाही, पाण्याचा टँकर नाही, ठेकेदार फोन उचलत नाही. लेकरं सुस्त पडली आहेत.

अकरा वाजता मी, ढोले आणि ड्रायव्हर रामटेके निघालो. गाडीत वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन आणि बर्फ. पोचलो तर सगळीकडे शांत. चाळीसेक माणसांच्या वस्तीत एकही लेकरू रडत नव्हतं. मला ते बिलकूल आवडलं नाही. ढोले एका खोलीत वाकून शिरला आणि लगेच बाहेर आला. पत्र्याला हात लावून त्याने तो झटकला.

"साहेब, हे घर नोय, तवा हाय. चारच्या आत सगळे हलवा लागते."

अँब्युलन्स मागितली. सगळ्या बाहेर होत्या. आमचीच गाडी, जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. म्हणजे तीन फेऱ्या. बारा वाजता पहिली फेरी निघाली, लेकरं आणि त्यांच्या आया. मी आणि ढोले मागे राहिलो. बाकीच्यांना एका भिंतीच्या सावलीत बसवलं, चादरी ओल्या करून पांघरल्या, पाणी पाजलं. मी त्याला तीन प्रश्न विचारले, त्याने मला विचारले. सगळं ठीक होतं.

दीड वाजता गाडी परत आली. दुसऱ्या फेरीसाठी आजारी आणि वयस्क लोक बसवत असतानाच बालाघाटकडचा एक म्हातारा कोसळला. अंग भट्टीसारखं, घामाचा थेंब नाही. त्याला दवाखान्यात न्यायचं, तर वाटेत सतत पाणी ओतायला आणि वारा घालायला माणूस पाहिजे. रामटेके गाडी चालवणार. उरलो आम्ही दोघं. मी हिशेब केला. गाडीत एक गंभीर, मागे बारा. मेडिकलचा माणूस बारांजवळ पाहिजे.

"ढोले, तू थांब. म्हाताऱ्यासोबत मी जातो."

"जोडी तुटून राहिली साहेब."

"दीड तासाचा प्रश्न आहे."

"जोडी तुटते म्हणून सांगून राहिलो तुमाले."

"ऑर्डर आहे, ढोले."

त्याने दुपट्टा डोक्याला घट्ट बांधला. "जा मंग. बर्फ काखेत अन् जांघेत ठेवजा त्याच्या. अन् बेशुद्धीत तोंडात पाणी नोका ओतू." एक पस्तीसला आम्ही निघालो.

ठरल्याप्रमाणे मी दर पंधरा मिनिटांनी फोन करत होतो. एक पन्नासला, "ओके साहेब." दोन पाचला, "ओके. म्हातारं कसं हाय?" दोन वीसला आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"काय हाय?"

"ढोले, रिपोर्ट."

"दुसरा धंदा नाई काय तुमाले? घडीघडी काहून फोन करून राहिले? हितं कामं पडले मले! ठेवा फोन!"

मी हसलो. रामटेकेला म्हणालो, "ढोले फॉर्मात आहे." तीन प्रश्न विचारले नाहीत. ज्याने आयुष्यभर सगळ्यांना ते प्रश्न शिकवले त्यालाच काय विचारायचं, असं वाटलं. खरं सांगायचं तर असं काही वाटलंसुद्धा नाही. तो विचारच मनात आला नाही.

बाकीची माणसं केंद्रावर उतरवली. दोन पस्तीसला फोन उचलला नाही. म्हटलं, कामात असेल. रामटेकेला म्हणालो, चल, दाब गाडी. दोन पन्नासला फोन उचलला तो एका बाईने. मागे राहिलेल्या बारांतली ती.

"साहब, डॉक्टर भैया उल्टा-सीधा बोल रहे हैं. किसी ट्रक का नाम ले रहे हैं."

"कब से?"

"बहुत देर से साहब. पहले सब पर चिल्ला रहे थे. हमको लगा गुस्सा हैं, तो कोई पास नहीं गया."

"पानी डालो उनके ऊपर. शर्ट खोलो. सब लोग मिलके डालो. अभी!" ती घाबरली. विचारत होती, मारेंगे तो नहीं? मी फोनवर ओरडत होतो आणि रामटेके सिग्नल तोडत होता.

तीन अठ्ठावीसला पोचलो. त्या बाईने आणि दोन मजुरांनी त्याला भिजवलं होतं. तो भिंतीला टेकून पडला होता, डोळे उघडे, मी त्याला दिसत नव्हतो. अंग म्हाताऱ्यापेक्षा तापलेलं. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "ढोले, नाव काय तुझं?" ओठ हलले, आवाज आला नाही. त्याला आणि बाराही जणांना गाडीत घालून निघालो. संध्याकाळी सहा दहाला दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

म्हातारा वाचला. बाराच्या बारा वाचले. पहिल्या फेरीतली लेकरं संध्याकाळी सभागृहात पळापळी खेळत होती.

ट्रस्टने शोकसभा घेतली. एक वक्ते म्हणाले, ढोलेंनी स्वतःच्या वाट्याचं पाणी गरिबांना पाजलं आणि प्राण दिले. टाळ्या पडल्या. मी उठलो. म्हणालो, खोटं आहे हे. पाणी होतं. त्याच्या पायाशी दोन कॅन भरलेले होते, मी डोळ्यांनी पाहिले. तो पाण्यावाचून गेला नाही. बारा माणसांभोवती दोन तास उन्हात पळत होता आणि त्याला थांबवणारं कोणी नव्हतं, म्हणून गेला. चिटणीसांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडला आणि धाय मोकलून रडलो. सत्तावीस वर्षं नोकरी केली, असा कधी रडलो नव्हतो.

तेरवीच्या दोन दिवस आधी मी काटोलला गेलो. त्याची बायको, रेखावहिनी, दारातच बसली होती. तिने मला पाणी दिलं, चहा केला. घरात पाहुणे होते.

मग तिने विचारलं, "भाऊ, लोक काई काई सांगून राहिले. तुमी खरं सांगा. त्याईच्यासंग कोन होतं?"

उत्तर मी बसमध्ये तयार करून आणलं होतं. मजूर होते वहिनी, सगळे जवळ होते, त्याला एकटं वाटलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते उत्तर सोडून दिलं.

"कोणी नव्हतं वहिनी. मी जोडीदार होतो. तो नको म्हणत होता, मी ऑर्डर देऊन निघून गेलो. तो फोनवर चिडला तेव्हाच मले समजाले पायजे होतं. मी हसलो."

तिने पदर तोंडाला लावला. सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती बोलली, माझ्याकडे न पाहता.

"खोटं सांगतलं असतं तरी चाललं असतं, भाऊ."

"मले चाललं असतं," मी म्हणालो. "त्याले चाललं नसतं."