गुडघ्यापर्यंत आलेला स्वेटर

ओड्नी घरातून निघाली तेव्हा तिच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, नवऱ्याचे पायमोजे होते आणि सुईवर अर्धवट राहिलेला स्वेटर होता. जानेवारीची तेविसावी तारीख. हेमाए बेटाच्या पूर्व अंगाला, तिच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, जमीन फाटून आग वर आली होती. उजाडायच्या आत सगळं गाव मासेमारीच्या बोटींत चढलं. स्वेटर घ्यायचा असं काही तिनं ठरवलं नव्हतं. पिशवी खुंटीला होती, हाताला लागली, एवढंच.

नवरा ग्रीमुर, बोटीवर इंजिन सांभाळणारा माणूस, तिला समुद्रापलीकडे राजधानीत, रेक्याविकला, आपल्या बहिणीकडे सोडून तिसऱ्या दिवशी बेटावर परत गेला. छपरं राखेच्या ओझ्यानं बसत होती, राख ओढून काढायला माणसं हवी होती. बहीण थोर्डिस एका शाळेत स्वयंपाक करायची. तोंडानं फटकळ, पण तिनं आपली झोपायची खोली ओड्नीला दिली आणि स्वतः बैठकीतल्या कोचावर पथारी टाकली.

बेटावर वीस वर्षं ओड्नीनं मासे कापण्याच्या कारखान्यात काढली होती. इथं हाताला कामच नव्हतं. ती खुर्चीत बसून विणायची. कुणी कुणी कपडे आणून द्यायचे, हात हातात घ्यायचे, म्हणायचे, "फार वाईट झालं." ओड्नी म्हणायची, "हो." तिला खरंच काही दुखत नव्हतं. भूक नव्हती, झोप मात्र लागायची, ओंडक्यासारखी.

स्वेटरचा घेर नळीसारखा विणायचा असतो, गोल गोल, सगळे टाके सुलट. बघावंही लागत नाही. काखेपर्यंत पोचलं की थांबायचं, दोन बाह्या वेगळ्या विणायच्या, मग तिन्ही एका सुईवर घेऊन गळ्याभोवती नक्षी काढायची. ओड्नीनं असे पन्नास तरी विणले असतील. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती काखेपर्यंत पोचली. थांबली नाही.

"किती झाला?" थोर्डिस रोज कामावरून आली की विचारायची.

"होतोय."

मार्चच्या सुरुवातीला एकदा थोर्डिसनं तिच्या मांडीवरचं विणकाम उचलून दोन्ही हातांनी उभं धरलं.

"अगं, हा ग्रीमुरचाच आहे ना?"

"हो."

"मग तो काय ह्यात पायांसकट शिरणार आहे? गुडघ्यापर्यंत आलाय की हा."

ओड्नीनं पाहिलं. खरंच आला होता. "काखेपाशी थांबायचं राहिलं," ती म्हणाली.

"राहिलं? एक हातभर राहिलं?" थोर्डिस हसायला लागली. मग ओड्नी हसत नाही हे पाहून गप्प झाली. "उसवू या का?"

"असू दे. लोकर आहे अजून."

आणि ती पुढचा टाका घेऊन विणायला लागली. थांबायचं म्हणजे बाह्यांचे टाके मोजायचे, नक्षीला कोणता रंग ते ठरवायचं. त्यासाठी डोकं चालवावं लागलं असतं, आणि डोकं चालवलं की ते कुठं कुठं गेलं असतं. गोल गोल विणणं बरं होतं.

ग्रीमुर दर रविवारी फोन करायचा. राख किती फूट काढली, कुणाचं घर राहिलं, कुणाचं गेलं. आता त्याला पाइपवर घातलं होतं. समुद्राचं पाणी लाव्ह्यावर मारून तो गार करायचा आणि बंदर वाचवायचं, असं काम. ओड्नी ऐकायची आणि म्हणायची, "बरं. जेवलास का?"

मार्चच्या शेवटी फोन आला तो रविवार नव्हता.

"ओड्नी, घर गेलं."

"कधी?"

"काल दुपारी. मी समोरच होतो. लाव्हा फार हळू येतो गं. आपण चालत मागं सरकू शकतो. भिंतीला टेकला आणि थांबल्यासारखं वाटलं. मला वाटलं, राहील आपलं. मग भिंत आत गेली आणि छप्पर पेटलं."

"बरं."

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय." तिनं फोनजवळची पेन्सिल उचलली. "ग्रीमुर, तुझ्या हाताची लांबी किती भरते? काखेपासून मनगटापर्यंत."

"आत्ता?"

"टेप असेल तर मोजून सांग."

त्यानं फोन बाजूला ठेवला. पलीकडे माणसांचे आवाज, मग पावलं. "एकोणीस इंच," तो म्हणाला. "एकाकडून मोजून घेतलं. त्याला वाटलं मला वेड लागलं."

"एकोणीस," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

फोन ठेवून तिनं सुई काढली आणि उसवायला घेतलं. पीळ न दिलेली ही लोकर जरा जोर लागला की तुटते. दर दोन हातांवर तुटत होती. थोर्डिस समोर बसून गुंडा करत होती, तुटेल तिथं ओल्या तळव्यांत चोळून टोकं जोडत होती. करता करता तिच्या नाकावरून पाणी ओघळलं.

"रड की गं बाई जरा," ती म्हणाली.

"येत नाही."

"लहानपणी मी त्या घरी यायची उन्हाळ्यात. आजीच्या वेळेपासूनचं ते."

"माहीत आहे."

"मग मी रडते, चालेल ना?"

"रड की," ओड्नी म्हणाली आणि पुढची ओळ ओढली.

एप्रिलमध्ये बाह्या झाल्या. नक्षीसाठी ठेवलेली राखाडी लोकर घरातल्या कपाटात होती, म्हणजे आता कुठंच नव्हती. दुकानातली राखाडी एक छटा गडद निघाली. तिनं तीच घेतली. गळा बंद केला, टोकं आत ओवली, स्वेटर धुऊन टॉवेलवर पसरला. तिला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही.

ईस्टरला ग्रीमुर दोन दिवसांसाठी आला. भुवया जळलेल्या, अंगाला गंधकाचा वास, गाल आत गेलेले. त्यानं स्वेटर डोक्यातून घातला. खांद्यावरून तो लोंबत होता.

"मोठा झाला," ओड्नी म्हणाली.

"झाला नाही, मीच कमी पडलो." त्यानं बाही वर सारली. "मी खाऊन भरेन."

थोर्डिसनं त्याच्यापुढं मटणाचं दुसरं ताट ठेवलं. "मग बोलतोस काय? खा."

जेवण झाल्यावर, दोघंच असताना, तो म्हणाला, "हे थांबलं की मला परत जायचंय राहायला. पश्चिमेकडे नवी घरं होतील म्हणतात. तुला?"

ओड्नीनं मनात शोधून पाहिलं. हो नव्हतं, नाही नव्हतं. "ठाऊक नाही," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा विचारलं नाही.

जुलैत आग थांबली. ऑगस्टमध्ये एका दिवसासाठी ती बेटावर गेली. त्यांची गल्ली जिथं वळायची तिथं काळा डोंगर उभा होता, दुमजली घराहून उंच, भेगांतून वाफ निघत होती. आपलं घर ह्यात कुठं असेल ते तिला ठरवता येईना. तिनं एका दगडावर तळवा ठेवला.

"काय वाटतं?" ग्रीमुरनं विचारलं. त्याच्या स्वेटरच्या कोपराला ठिणगीनं भोक पडलं होतं.

"गरम आहे."

"आत अजून कितीतरी वर्षं राहील म्हणतात."

ती बराच वेळ हात तसाच ठेवून उभी राहिली. मग दोघं बंदराकडे चालत गेली. धक्क्यावर बसून त्यांनी सुका मासा लोणी लावून खाल्ला. खाली बोटी लागल्या होत्या, कुणीतरी डेक धुत होतं.

"पुढच्या वर्षी येईन," ओड्नी म्हणाली.

"राहायला?"

"मग काय बघायला?" ती म्हणाली आणि माशाचा आणखी एक तुकडा तोडून त्याला दिला.